ते तर करायचंच होतं

लिफ्टरावांचं बजेट आजवर एकदाही हुकलेलं नाही. जुना पिकअप ट्रक अडीच इंच उचलायला ८०० डॉलर लागतील, असं त्यांनी एक्सेलमध्ये लिहिलं आणि आजही त्या रकान्यात ८००च आहेत. वरचे पाच-साडेपाच हजार शेजारच्या शीटमध्ये आहेत. त्या शीटचं नाव 'मेंटेनन्स'.

हे गृहस्थ कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या आसपास, हमखास भेटतात. पन्नाशीला टेकलेले, नोकरी सॉफ्टवेअरची, मंडळाच्या गणपतीत मांडवाच्या खांबाला धक्का देऊन मजबुती पाहणारे. घरासमोर शहाण्या माणसाची हायब्रिड उभी असते आणि तिला खेटून १९९९ सालचा टोयोटा टॅकोमा. ज्याचं बालपण बजाज स्कूटर तिरकी करून किक मारण्यात गेलं, त्याला जुनी गाडी कटकट वाटत नाही. ती त्याला आपल्या पदरात पडलेली जबाबदारी वाटते. मात्र खरेदी चोख. रोकडा मोजण्याआधी लिफ्टरावांनी ट्रकखाली आडवं होऊन हातोडीने चासी ठोकून पाहिली. या पिढीच्या टॅकोमाची चासी आतून कुजते; त्यापायी २००८ साली टोयोटाने १९९५ ते २०००च्या ट्रकना गंजासाठी पंधरा वर्षांचं संरक्षण दिलं आणि फारच कुजलेले ट्रक बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतले. हा इतिहास त्यांना शिवराज्याभिषेकाच्या तिथीइतका पाठ आहे.

लिफ्टचा बेत कागदावर साधा दिसतो. पुढे उंच स्प्रिंग आणि नवे शॉकॉप, मागे बसलेल्या पाट्यांत एक जादा पाटा. कॅब आणि चासीच्या मध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी उचलणारेही लोक असतात. लिफ्टराव त्यांचा विषय मुलांसमोर काढत नाहीत.

किट बसलं. ट्रक उंच झाला. लिफ्टरावांनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि अलाइनमेंटला नेला. तिथल्या पोराने खाली वाकून पाहिलं, मान हलवली आणि किल्ली परत दिली. पुढच्या खालच्या आर्मला चाकाचा कोन जुळवायचे बोल्ट असतात. वर्षानुवर्षं हिवाळ्यात रस्त्यावर फवारलेलं मॅग्नेशियम क्लोराइड पिऊन ते बुशमधल्या लोखंडी नळीशी एकजीव झाले होते. मग गॅरेजमध्ये अनुष्ठान सुरू झालं. गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवलं. पान्यावर पाइप चढवून दोघांनी लोंबकळून पाहिलं. ज्योत दाखवली, तर बुशचं रबर पेटलं आणि सगळ्या गल्लीला वास गेला. शेवटी करवत. बोल्ट कापला म्हणून बुश गेलं, बुश गेलं म्हणून नवा आर्म आला, आणि आर्म उघडलाच आहे तर खालचा बॉल जॉइंट जुना कसा ठेवायचा? या ट्रकचा तो सांधा निसटला की पुढचं चाक कोलमडतं, हे जाणकार सांगतात. सगळी बिलं मेंटेनन्समध्ये.

"अगं, ट्रक पंचवीस वर्षांचा आहे. लिफ्ट केली नसती तरी ते तर करायचंच होतं."

हे वाक्य खोटं नाही, हीच तर त्यातली गोम आहे. जुन्या गाडीत कुठलाही भाग बदला, तो बदलायलाच झालेला असतो. ब्रेकचे होज ताणले गेले, लांब घातले: जुने तडकलेच होते. एक्सलचे कोन तिरके झाले, रबरी बूट फाटले: आज ना उद्या फाटणारच होते. टायर ३१ इंचांचे काढून ३३चे घातले. स्टेपनी धरून पाच. जुन्यांची नक्षी गेलीच होती. आता काटा ६० दाखवतो तेव्हा ट्रक ६४ने पळत असतो, म्हणजे सपाटीवर. आयसेनहॉवर टनेलच्या चढाला तो मालवाहू ट्रकांच्या लेनमध्ये जाऊन धापा टाकतो, म्हणून दोन्ही डिफरन्शियलचे गिअर बदलायचं घाटतंय. तेही मेंटेनन्समध्येच जातील, मला शंका नाही.

वहिनी ऑडिटमध्ये आहेत. एकदा चहा देताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "खाली दगड लागतो तो नेमका कशाला?"

"मागच्या डिफरन्शियलला. सगळ्यात खाली तेच असतं."

"लिफ्टने ते किती उचललं गेलं?"

लिफ्टराव बशीत बघू लागले. मागचा एक्सल चाकांवर असतो. स्प्रिंग कितीही उंच करा, तो जागचा हलत नाही. हलवतात ते टायर, आणि तेही वाढीच्या निम्मंच.

"एक इंच," ते म्हणाले.

वहिनींनी साखर पुढे केली. पुढे काही विचारलं नाही. ऑडिटची माणसं आकडा मिळाला की थांबतात.

मागच्या उन्हाळ्यात ते मला इमोजीन पास दाखवायला घेऊन गेले. युरे आणि टेल्युराइडच्या मधली १३,११४ फुटांवरची खिंड, वाट बऱ्याच ठिकाणी एका गाडीपुरती, एका अंगाला दरी. मी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. समोरून तसाच टॅकोमा उतरत आला. साल साधारण तेच, उंची कारखान्यातून निघाली तीच, आत एक आजोबा आणि एक कुत्रा. आम्ही कडेला दबून वाट दिली. आजोबांनी काच खाली केली.

लिफ्टरावांनी नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, "तुमचे मागचे पाटे बसलेत."

"माझी कंबरही बसलीय," आजोबा म्हणाले आणि ज्या दगडाला वळसा घालायला आम्हाला तीनदा मागेपुढे करावं लागलं होतं, त्याच्यावरून गप्पा मारल्यासारखे निघून गेले.

लिफ्टराव बराच वेळ आरशात बघत राहिले.

"डावा शॉकॉप गळतोय त्यांचा," ते हळहळले. "कोणीतरी सांगायला हवं हो म्हाताऱ्याला." आणि त्या अरुंद वाटेवर, दरीकडे पाठ करून, त्यांनी रिव्हर्स टाकला.