एकांतासाठी जरा सरकून घ्या

करजगीकडचा एखादा हौशी छायाचित्रकार ऐन हिवाळ्यात एकटाच गाडी काढून स्पितीला निघतो, हे सर्वथैव अभिनंदनीय आहे. साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड तेव्हा बर्फाने बंद. म्हणून किन्नौरमार्गे लांबचा वळसा. वाटेत डिझेलही गोठतं. एवढं सोसल्यावर किब्बरला निखळ एकांत लाभतो. हिमबिबट्या दिसण्याचे हेच दिवस असल्यामुळे तो एकांत कड्यावर आधीच ट्रायपॉड लावून ओळीने उभा असतो. जरा सरकून घ्यावं लागतं, इतकंच.

आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात कनगनहळ्ळी आहे. सम्राट अशोकाची नाव कोरलेली शिल्पप्रतिमा तिथेच सापडली. मे महिन्यात पारा चाळिशीपार, चिटपाखरू नाही. पण तिथे जायला थर्मल लागत नाहीत. मग त्याला साहस कसं म्हणावं?

उपाय सोपा आहे. इकडचे रस्तेही सहा महिने बंद ठेवावेत, गर्दी आपोआप होईल. भीमा सहकार्याला तयारच आहे: उजनीतून पाणी सुटलं की अफझलपूर तालुक्यातले बंधारे-पूल पाण्याखाली जातात.

अडचण एकच. तेव्हा अडकलेली मंडळी बाजाराला निघालेली असतात; आपण मोहिमेवर आहोत, हे त्यांना कुणी कळवलेलंच नाही.