पूल झाला की जाऊ

परवा आमच्या ग्रुपचं नाव चौथ्यांदा बदललं. 2017च्या दिवाळीत ते नुसतं ‘कोकण किनारा’ होतं. मग ‘कोकण किनारा नक्की’ झालं, मग ‘नक्की म्हणजे नक्की’, मग ‘आता नाही तर कधीच नाही’. सध्याचं नाव ‘आता नाही तर कधीच नाही - 2’. डीपीवर आरे-वारेचं वळण आहे. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र, मधून काळाशार रस्ता. फोटो आमच्यापैकी कुणी काढलेला नाही, हे सांगायला नकोच.

बेत साधा आहे. समुद्राचं बोट धरायचं आणि ते थेट रेड्डीला सोडायचं. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही नावं मला रामरक्षेसारखी पाठ आहेत. झोपेतही म्हणतो, असं घरून कळलं. 2020च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा ग्रुपवर जो जल्लोष झाला तो काय सांगू! पुढच्याच आठवड्यात टाळेबंदी लागली. एवढ्या वर्षांत न जाण्याचं सबळ कारण आम्हाला मिळालं ते तेवढं एकदाच.

आम्ही सात जण आणि सात खाती. रस्तेमंत्र्यांची स्वतःची गाडी शहराबाहेर पडते ती फक्त सर्व्हिसिंगला. अर्थमंत्र्यांनी एक्सेलची शीट केली आहे. तिच्यात ‘सोलकढी’ आणि ‘सोलकढी (दुसरी वाटी)’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. अन्नमंत्री सुरमईवर तडजोड करत नाहीत. दोन शाकाहारी सदस्य आमच्यातले अल्पसंख्याक. त्यांना दर बैठकीत उकडीच्या मोदकांचं आश्वासन दिलं जातं, त्यापलीकडे काही नाही. विरोधी पक्षाला कोकण नको, थेट गोवा हवा. कारण काय, तर 2001 साली ‘दिल चाहता है’ पाहिल्यापासून मनात आहे. गृहमंत्री अर्थातच आमच्यात नाहीत, त्या घरी असतात. आणि या सगळ्यांहून घातक म्हणजे, ‘माझं काही नाही रे, तुम्ही ठरवाल ते’ म्हणणारा. आम्ही ठरवलं की याचं ‘अरे, पण...’ सुरू होतं.

तारखेचं म्हणाल तर वर्षाला महिने बाराच असतात, त्याला आमचा इलाज नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा डोक्यावर. मार्चमध्ये इयर एंडिंग. एप्रिल-मे म्हणजे घामाच्या धारा आणि सासरहून आंब्याची पेटी येणार, ती सोडून जायचं कसं? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून अन्नमंत्र्यांचा राजीनामा. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, तेव्हा सगळी मुंबई त्या रस्त्यावर. ऑक्टोबरात उकाडा, नोव्हेंबरात दिवाळीनंतर खिसा हलका, डिसेंबरात गर्दी. उरलेले सगळे दिवस मोकळेच असतात.

कुणी म्हणेल, ही तुमची नालायकी. तसं मुळीच नाही. आम्ही शासनाच्या पावलावर पाऊल टाकून चाललो आहोत. बॅरिस्टर अंतुले 1980 साली मुख्यमंत्री झाले. त्यांनी रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गाचं स्वप्न पाहिलं. रस्ता म्हणून सोपा, पण कोकणात दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते आणि खाडी म्हटली की पूल आला. काही पूल झाले. काहींचे फक्त आराखडे झाले, अंदाजपत्रकं झाली, भूमिपूजनं झाली, मग सुधारित अंदाजपत्रकं झाली. आमच्या एक्सेल शीटचीही सहावी सुधारित आवृत्ती चालू आहे. अंतुले सावित्रीकाठच्या आंबेतचे. त्याच सावित्रीच्या मुखाशी बाणकोटच्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे राहिले. त्यांच्यावर बगळे बसतात. आतल्या बाजूचा मुंबई-गोवा महामार्ग तरी कुठे वेगळा? पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली निघालं. तेव्हा जन्मलेली पोरं आता आमच्याकडे गाडीची किल्ली मागतात.

गेल्या महिन्यात ठाण्यात एका उडप्याच्या हॉटेलात आमची निर्णायक बैठक झाली. रस्तेमंत्र्यांनी पेपर नॅपकिनवर किनारा काढला. अर्थमंत्र्यांच्या वाटीतून सांबार सांडलं, ते नेमकं दाभोळच्या खाडीतून आत चिपळूणपर्यंत गेलं.

‘‘बघा, इथेच घोळ आहे,’’ त्या ओघळावर चमचा ठेवत रस्तेमंत्री म्हणाले. ‘‘आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत, म्हणजे जंगलजेटीत चढवायची. नाहीतर आतून वळसा घालायचा.’’

‘‘मग चढवू की,’’ मी म्हणालो.

‘‘आणि रांग असली तर? शेवटची फेरी चुकली तर?’’

‘‘अरे, पण गाडीला ओरखडा आला तर?’’ हे ‘तुम्ही ठरवाल ते’वाले.

‘‘त्यापेक्षा पूल होऊ दे,’’ रस्तेमंत्र्यांनी निकाल दिला. ‘‘कामं पुन्हा निघालीत म्हणे. एकदाच जाऊ, पण नीट जाऊ.’’

ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांनी फिल्टर कॉफी घेतली. नॅपकिन वेटरने उचलून नेला.

ग्रुपवर एक आठवाही आहे, हे सांगायचं राहिलं. तो कधी बोलत नाही, फक्त अंगठा दाखवतो. बैठकीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पहिल्यांदाच एक फोटो टाकला. जंगलजेटीच्या लोखंडी कठड्याला धरून त्याची आई उभी, पदर कानामागे घट्ट खोचलेला. शेजारी दोन मोटरसायकली, एक टेम्पो आणि टेम्पोला टेकून पाटीवर बसलेली एक बाई. मागे खाडीचं मातकट पाणी आणि त्या पाण्यात पुलाचे तेच अर्धवट खांब.

मी लगेच फोन केला. ‘‘बुकिंग कधी केलंस?’’

‘‘कसलं? धक्क्यावर गेलो, तिकीट काढलं. माणूस ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो, आपण गाडी येऊ द्यायची.’’

‘‘आणि निघालास कसा अचानक?’’

‘‘आईला वेळासची कासवं बघायची होती.’’

यावर मला काही बोलता आलं नाही. ऑलिव्ह रिडले जातीची ही मादी शेकडो मैल पोहून अंडी घालायला किनाऱ्यावर येते. जिथे जन्मली त्याच किनारपट्टीवर परत येते, असं शास्त्रज्ञ सांगतात. तिला ना नकाशा, ना एक्सेल शीट, ना इयर एंडिंग. रात्री वाळूत खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर पडतात तीही सरळ पाण्याकडे चालायला लागतात. ‘आधी कोण जाणार’ यावर त्यांची बैठक होत नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचंही गाव. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांमध्ये नानांची गणना अर्ध्यात होते. अर्ध्या शहाणपणावर त्यांनी राज्य चालवलं. आम्ही सातही जण पूर्ण शहाणे, म्हणून ठाण्याच्या पुढे सरकत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमचाही असा एखादा ग्रुप असेल तर त्यातला अंगठा दाखवणारा शोधा आणि त्याच्या गाडीत बसा. ज्याला जायचं असतं तो जंगलजेटीने जातो. ज्याला जायचं नसतं तो पुलाची वाट बघतो, आणि पूल झाल्यावर त्याला टोल महाग वाटतो.

आमची पुढची बैठक शनिवारी सातला, त्याच हॉटेलात. विषय एकच आहे. डीपीवरचं आरे-वारेचं वळण जुनं झालं, तिथे आता आठव्याच्या आईचा फोटो लावायचा की कासवाचा?