सेटअपदादा

तंत्रनिकेतनाच्या तिसऱ्या वर्षात 'मोबाईल अॅप्लिकेशन डेव्हलपमेंट' हा विषय सुरू झाला, की वर्गातला एक मुलगा अचानक मोठा होतो. तोवर त्याला कोणी विचारत नसतं. गॅदरिंगला तो खुर्च्या मांडायला असतो, क्रिकेटच्या टीममध्ये बारावा असतो आणि गणितात त्याची केटी असते. पण मॅडमनी फळ्यावर 'अँड्रॉइड स्टुडिओ टाकून आणणे' एवढी एक ओळ लिहिली, की दोन दिवसांत सगळा वर्ग त्याला 'दादा' म्हणायला लागतो. बारावी करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, त्याच्याहून मोठी मुलंसुद्धा.

दादाकडे एक पेनड्राइव्ह असतो. दादा तो कोणाच्याही हातात देत नाही. स्वतः लावतो, कॉपी करतो, काढून खिशात घालतो. त्यात स्टुडिओचं इन्स्टॉलर तर असतंच, पण खरी इस्टेट म्हणजे भरलेला एसडीकेचा फोल्डर. नवख्याला वाटतं, इन्स्टॉलर उतरवलं की झालं. प्रत्यक्षात खर्चाला तिथून सुरुवात होते. एसडीके वेगळं, एम्युलेटरची सिस्टिम इमेज वेगळी, आणि पहिलाच प्रोजेक्ट उघडला की ग्रेडल आपलं सामान आणायला पुन्हा नेटवर जातो. रोज दीड जीबीच्या पॅकवर जगणाऱ्या मुलाचा दिवस तिथेच मावळतो. या ग्रेडलचं बोधचिन्ह हत्ती आहे. इतकं प्रामाणिक बोधचिन्ह दादाच्या पाहण्यात दुसरं नाही.

लॅपटॉप पुढ्यात आला की तो स्क्रीनकडे बघत नाही. आधी विचारतो, "रॅम किती?"

"चार."

"फोन आहे ना? मग फोनवरच चालवू."

स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते, असं गूगलच सांगतं. एम्युलेटर हवा तर त्याहून जास्त. चार जीबीवाल्याला दादा हे सांगून दुखवत नाही. त्याचा फोन घेतो, 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारतो आणि फोन जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. घरचे तीन वर्षं ज्याची वाट बघतायत, ते असं सात टिचक्यांत होतं. मग यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल जोडायची, आणि तरीही फोन दिसला नाही की दादा केबलकडे संशयाने बघतो. ती बहुधा फक्त चार्जिंगची निघते.

दुसरा प्रश्न युजरच्या नावाचा. एका मुलाच्या वडिलांनी नवा लॅपटॉप भक्तिभावाने सुरू केलेला आणि नावाच्या रकान्यात देवनागरीत 'श्री गणेश' लिहिलेलं. पुढे विंडोजचा फोल्डर त्याच नावाचा. स्टुडिओला प्रोजेक्टच्या वाटेत इंग्रजीबाहेरची अक्षरं चालत नाहीत, एसडीकेच्या वाटेत मोकळी जागासुद्धा खपत नाही. 'श्री गणेश'मध्ये दोन्ही होतं. पोरगा घाबरला, "दादा, नाव बदलायचं का? पप्पा ओरडतील." दादा म्हणाला, "बाप्पाला हलवायचं नाही. आपण सी ड्राइव्हवर बाहेर नवा फोल्डर करू."

त्याची विद्या अशी हिशेबी असते. 'क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१' अशी लाल ओळ आली, की वर्ग हवालदिल होतो. हा शांतपणे म्हणतो, "चव्वेचाळीस वजा कर. सतरा. म्हणजे तुझा जावा १७ आहे आणि ग्रेडल जुना." हिशेब बरोबर असतो. एम्युलेटर उठत नसेल तर बायॉसमध्ये शिरून व्हर्च्युअलायझेशन चालू करतो. एएमडीच्या मशीनवर ते 'एसव्हीएम' या नावाखाली दडलेलं असतं, हेही त्याला पाठ.

आवृत्त्या तो प्राण्यांवरून ओळखतो. २०२१पासून स्टुडिओच्या आवृत्त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने प्राण्यांची नावं आहेत: आर्क्टिक फॉक्स, बंबलबी, चिपमंक, डॉल्फिन असं करत गाडी पुढे गेली. फ्लेमिंगोपासून मात्र घात झाला. पूर्वी 'एम्प्टी अॅक्टिव्हिटी' निवडली, की जावा आणि एक्सएमएलवाला साधा प्रोजेक्ट मिळायचा. आता त्याच नावावर टिचकी मारली की कॉटलिन आणि कंपोज पुढ्यात येतं, आणि जुना प्रकार 'एम्प्टी व्ह्यूज अॅक्टिव्हिटी' या नावाने शेजारी बसलेला असतो. जर्नलमधले प्रोग्राम जावातले, मॅन्युअलमधली चित्रं जुनी. मग अर्धी बॅच 'अॅक्टिव्हिटी मेन' नावाची एक्सएमएल फाइल शोधत बसते, जी त्यांच्या प्रोजेक्टमध्ये जन्मालाच आलेली नसते. "शब्द नीट वाचा रे," एवढंच दादा म्हणतो आणि प्रोजेक्ट पुसून नवा करतो.

लॅब असिस्टंट काकांशी त्याचं विशेष जमतं. काका एक्लिप्सच्या काळातले. गूगलने स्टुडिओची घोषणा मे २०१३मध्ये केली, १.० आवृत्ती डिसेंबर २०१४मध्ये आली आणि २०१५ संपता संपता एक्लिप्सच्या प्लगइनचा आधार काढून घेतला. काकांनी मात्र लॅबच्या कोपऱ्यातल्या एका मशीनवर एक्लिप्स अजून राखलंय. "हे कधी दगा देत नाही," म्हणतात. ते कोणी सुरूच करत नाही, हे दादा बोलत नाही.

या सगळ्यात त्याचं स्वतःचं अॅप राहून जातं. चाळीसेक लॅपटॉपवर 'हॅलो वर्ल्ड' उमटवलेला हा माणूस सबमिशनच्या आदल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या मुलींच्या जर्नलमागे फिरत असतो. ओरलला बाहेरून आलेले सर अॅक्टिव्हिटीचं लाइफसायकल विचारतात. 'ऑनक्रिएट'नंतर तो छताकडे बघतो. चव्वेचाळीसचा हिशेब कोणी विचारत नाही. मॅन्युअलमध्ये इन्स्टॉलेशन हा सुरुवातीच्या एखाद्या प्रयोगात उरकायचा मामला आहे. ज्याने ते लिहिलं, त्याने ते कॉलेजच्या वायफायवर करून पाहिलेलं नाही, हे नक्की. विषयातली निम्मी शिकवणी याच एका प्रयोगात होते आणि ती हा मुलगा फुकट घेतो.

तेव्हा त्याच्याकडे जायचं असेल तर सबमिशनच्या आदल्या रात्री जाऊ नका. चार्जर न्या, डेटा जाणारी केबल न्या, सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी करून ठेवा. आणि त्याने सगळं लावून दिल्यावर खाली कोपऱ्यात 'अपडेट आलंय' अशी चौकट उघडेल, तिला सेमिस्टर संपेपर्यंत हात लावू नका.