सवय होईल, सर

ठाणे स्टेशनच्या पुलाला पायऱ्या किती, याची मला वीस वर्षांत कधी फिकीर पडली नव्हती. गेले तीन आठवडे मी त्या मोजत उतरलो. आकडा सांगत नाही, कारण तो रोज वेगळा यायचा. पायरी आहे असं वाटावं तिथे ती नसायची, नाही असं वाटावं तिथे नेमकी असायची, आणि मागून ८.५२ पकडायला निघालेली गर्दी "काका, चला ना" म्हणायची तेव्हा काका कठड्याला घोरपडीसारखे चिकटलेले असायचे.

कारण एकच. नवा चष्मा.

चष्म्याचं मला नवल नाही. आठवीत नंबर लागला. (म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला की लोक पेढे वाटतात, डोळ्याला लागला की गाजरं आणतात. आमच्याकडे दोन महिने गाजरं आली.) पुढे चाळिशी अगदी वक्तशीर, चाळिशीतच आली आणि बायफोकलवर चौदा वर्षं सुखाची गेली. यंदा डॉक्टर म्हणाले, नंबर थोडा सरकलाय, चष्मा बदला. त्यांचा कागद घेऊन मी एका चकचकीत दुकानात शिरलो. तिथे चष्म्यांपेक्षा आरसे जास्त होते. काउंटरवरच्या मुलीने माझ्या बायफोकलकडे आजोबांच्या धोतराकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "सर, हे आता कुणी घालत नाही. ती रेघ दिसते ना, त्यावरून वय कळतं."

माझं वय माझ्या टकलावरून, गुडघ्यांवरून आणि मी लिफ्टमध्ये गाणं गुणगुणतो त्यावरूनही कळतं. पण माणूस आरशांच्या दुकानात उभा असला की त्याचं डोकं चालत नाही.

तर प्रोग्रेसिव्ह. एकाच भिंगात वर लांबचं, मधे कॉम्प्युटरचं, खाली वाचायचं, आणि रेघ नाही. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ नावाच्या इंजिनिअरने ही भिंगं बाजारात आणली. कल्पना खरोखर हुशारीची आहे. फक्त एक गोष्ट काउंटरवर कुणी सांगत नाही. वरून खाली नंबर असा हळूहळू बदलत न्यायचा तर त्याची किंमत दोन्ही कडांना मोजावी लागते. तिथे सगळं धूसर आणि तरंगतं. हा कारखान्याचा दोष नाही, भिंगाचं गणितच तसं आहे. म्हणजे आपण पैसे देतो ते मधल्या चिंचोळ्या गल्लीचे, आणि जास्त पैसे दिले की गल्ली थोडी रुंद मिळते. घोडबंदर रोडसारखंच.

मग निळा किरण. मुलीने खणातून एक लहानसा टॉर्च काढला, त्याचा निळा-जांभळा झोत एका कार्डावर मारला, कार्ड उजळलं. मधे भिंग धरलं, कार्ड विझलं. "बघा सर, मोबाइलमधून हेच येतं." मोबाइलमधून असा झोत आला असता तर मी तो उशाशी घेऊन झोपलो नसतो, हे मला रिक्षात सुचलं. २०२३ मध्ये वैद्यकीय प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे १७ प्रयोग एकत्र तपासले आणि अशा भिंगांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं निदान थोड्या मुदतीत तरी दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. पण कॉक्रेनवाल्यांकडे टॉर्च नसतो. मी ब्लू-कट घेतलं. बिल वाचायला जुना चष्मा लागला.

चष्मा आला त्या संध्याकाळी घराची चौकट डावीकडे कलली होती. जेवणाचं ताट लंबगोल होतं. सोसायटीच्या पार्किंगला उतार लागला होता, तोही माझ्याच गाडीच्या दिशेने. मी दुकानात फोन लावला.

"सवय होईल, सर. आठ-दहा दिवस द्या."

वर एक युक्तीही मिळाली: डोळे फिरवायचे नाहीत, नाक फिरवायचं. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे नाक रोखायचं. ही युक्ती बरोबर आहे, असं पुढे मला एका जाणत्यानेही सांगितलं. मी आठवडाभर जगाकडे नाकाने बघितलं. लोकलमध्ये समोरच्या गृहस्थांना काय वाटलं कोण जाणे, मुलुंड आणि नाहूरच्या मधे ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. खिडकीची जागा सोडून. मुंबईकर यातला गंभीरपणा ओळखतील.

दहाव्या दिवशी फोन केला. "पंधरा दिवस तरी लागतात, सर." पंधराव्या दिवशी केला. "काहींना महिना लागतो, सर. वयावर असतं." रेघ घालवून लपवलेलं वय असं फोनवरून परत आलं.

यातली मजा बघा. वस्तू त्यांची, पैसे माझे आणि दोषही माझा. मला सवय होत नाही म्हणजे मीच कमी पडतोय. बँकेचं नवं अॅप, सोसायटीची दोन मजल्यांच्या मधे थांबणारी लिफ्ट, ऐनवेळी बदललेला प्लॅटफॉर्म, सगळ्यांचा खुलासा तोच. आपल्याकडे कुठलीही गोष्ट पाऊण तयार करून देतात. उरलेली पाव गिऱ्हाइकाने सवयीने भरायची असते.

सल्लेही आले. मेव्हण्याने त्रिफळ्याचं पाणी सुचवलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांतल्या एकाने अनवाणी गवतावर चालायला सांगितलं. त्यांच्या मते अनवाणी गवतावर चालणं हा मणक्याला, मुलाच्या लग्नाला आणि शेअर बाजारालाही उपाय आहे. खरं बोलला तो ऑफिसातला शेजारी. म्हणाला, "माझंही असंच झालं होतं." मी आशेने विचारलं, किती दिवसांनी जमलं? "कसलं जमतंय! ड्रॉवरमध्ये आहे." मला वाटतं मराठी मध्यमवर्गाची खरी बचत बँकेत नाही. ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावलेल्या केसमध्ये आहे.

सवयीचं म्हणाल तर ती होते, यात खोटं काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं स्वतःच्या एका डोळ्यावर बांधली, दुसरा डोळा झाकून टाकला. जमीन वर, छत खाली. पहिल्या खेपेला तीन दिवस, दुसऱ्या खेपेला आठ दिवस. सुरुवातीला उजवीकडची वस्तू घ्यायला हात डावीकडे जायचा. हळूहळू हात बरोबर जायला लागला, आणि शेवटी शेवटी तर मधूनमधून उलटं जग त्याला सुलटं वाटायला लागलं. भिंगं काढल्यावर पुन्हा काही काळ धांदल. थोडक्यात, मेंदू हा इतका सोशिक प्राणी आहे की त्याला खाली डोकं वर पाय टांगलं तरी आठवड्यात तो म्हणतो, चालेल. मग माझ्या मेंदूने महिन्याभरात "चालेल" म्हटलं, तर त्यावरून चष्म्याबद्दल नेमकं काय सिद्ध झालं असतं?

हा विचार फार थोर होता, पण त्याने पायऱ्या जागेवर आल्या नाहीत. मार्ग बायकोने काढला. रविवारी पेपर वाचत होतो, तर समोरून म्हणाली, "अहो, हल्ली वाचताना तुम्ही उजवा डोळा बारीक करता. आधी नव्हतात करत."

मी करत होतो. मला पत्ता नव्हता.

नौपाड्याच्या एका गल्लीत एक म्हातारे चष्मेवाले आहेत. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने उभं राहायचं. आरसा एकच, तोही कोपऱ्यातून उडालेला. त्यांचा स्वतःचा चष्मा दोरीने गळ्यात. मी माझी कहाणी सुरू केली, त्यांनी हात वर करून थांबवली. "डावा डोळा झाका. समोरची पाटी वाचा." समोर किराणा दुकानाची पाटी होती. मला दोन किराणा दुकानं दिसली, एकावर एक तिरकी ठेवलेली. "आता उजवा झाका." एकच दुकान, खाली फोन नंबरसकट.

मग त्यांनी चष्मा हातभर लांब धरला आणि त्यातून खिडकीचा गज बघत तो सावकाश फिरवला, मलाही दाखवला. डाव्या भिंगातून गज जरासा कललेला. उजव्यातून चांगलाच मोडलेला, जसं भिंग फिरवावं तशी त्याची कात्री उघडायची आणि मिटायची. शेवटी चष्मा लेन्सोमीटरवर चढवला, डोळा लावला, चाक फिरवलं. "उजवा सव्वादोन, सिलिंडर सव्वा, अक्ष दीडशे. डॉक्टरांचा कागद आणलाय?"

कागदावर उजव्या डोळ्यापुढे लिहिलं होतं १५, आणि पंधराच्या खांद्यावर एक छोटंसं गोल. अंशाचं चिन्ह. १५°.

"हे गोल त्यांनी शून्य वाचलं," म्हातारबुवा म्हणाले. "शेजारी डाव्याला एकशे पासष्ट आहे, त्यामुळे दीडशे शोभूनही दिसलं. म्हणून तर अक्षावर हे चिन्ह काढू नये म्हणतात. फार काळजी असेल त्याने आधी शून्य लावून ०१५ लिहावं."

शून्याचा शोध आपल्याकडे लागला, याचा एरवी मला अभिमान आहे.

सिलिंडरची भानगड त्यांनी टेबलावरच्या लिंबावर समजावली. डोळ्याची पुढची काच चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल असली तर साधा नंबर पुरतो. ती जरा लिंबासारखी लांबट असली की एका दिशेला जास्तीचा नंबर लागतो, तो सिलिंडर. ती दिशा कुठली, ते सांगतो अक्ष, १ ते १८० अंशांत. अक्ष पाच-दहा अंश हलला तर माणूस कुरकुरतो. तीस अंश हलला की सिलिंडर घातला काय, न घातला काय, सारखंच. माझा हलला होता ४५. तिथे तर मूळ दोषापेक्षा मोठा दोष तयार होतो: माझा सव्वाचा पावणेदोनच्या वर गेला होता. म्हणजे इतके पैसे मोजून मी दृष्टिदोष विकत आणला होता. ब्लू-कटसकट.

"मग सवयीचं काय?" मी विचारलं.

"कडेने बघताना पोहल्यासारखं वाटलं, जिना हलला, तर दोन आठवडे थांबा. ती सवय. समोर सरळ बघून एकाच डोळ्याला धूसर दिसलं, तर ती चूक. ती मुरत नाही. एकेक डोळा झाकून बघायला अर्धं मिनिट लागतं हो." चष्मा हातात देताना दुकानात हे कुणी केलं नव्हतं. तीन आठवड्यांत मीही केलं नव्हतं, हे इथे हळू आवाजात नोंदवतो. तपासणीचे त्यांनी पन्नास रुपये घेतले. निघताना "शुगर बघता ना मधूनमधून? ती वर-खाली असताना काढलेला नंबर टिकत नाही," एवढं बजावलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जागा करून द्यायला मला बाहेर काढलं.

चकचकीत दुकानात या वेळी मॅनेजर भेटले. त्यांनी कागद दिव्याखाली धरला. "सर, डॉक्टरांनी दीडशेच लिहिलंय." डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हे शून्य नाही. हे वर आहे आणि लहान आहे." मॅनेजर म्हणाले, "आम्हाला शून्य वाटलं." दोघेही एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलले. मधे उभा राहून मी दोघांना दोन-दोन बघत होतो.

"काळजी करू नका, सर. महिन्याच्या आत आलात, त्यामुळे उजवं भिंग फुकट बदलून मिळेल."

"पण तुमच्याकडूनच मला महिनाभर थांबा असं सांगितलं होतं."

"हो सर, बऱ्याच जणांना होते सवय."

"आणि मला झाली असती तर?"

"मग प्रश्नच नव्हता, सर," मॅनेजर मनापासून म्हणाले.

चार दिवसांनी भिंग आलं. चौकट सरळ झाली, ताट गोल झालं, पार्किंगचा उतार गेला. दुकानाबाहेर फुटपाथवरच मी आधी एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून समोरची पाटी वाचली. बसस्टॉपवरच्या एका बाईंचा यात गैरसमज झाला, त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनचा पूल. पायऱ्या जिथल्या तिथे होत्या. मी कठडा सोडून, ताठ मानेने, न मोजता उतरलो. खाली प्लॅटफॉर्मवर पोचलो, सपाट फरशीवर दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला माझा उजवा पाय नसलेल्या पायरीसाठी फूटभर वर उचलला गेला. तो तसाच हवेत असताना मागून आवाज आला, "काका, चढताय का उतरताय?"