गोत्र ११०

सायक्लोक्रॉसच्या सायकलीला पुढे वर्षानुवर्षं दोन चेनरिंगा असायच्या. थोरली ४६ दात्यांची, धाकटी ३६ची. बेल्जियमच्या चिखलात ही जोडी सुखाने नांदली. तिथे शर्यत जेमतेम तासाभराची, चढ आखूड. एखादा चढ फारच अंगावर आला की स्वार खाली उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि धावत सुटतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. सिंहगडाच्या रस्त्यावर पन्नाशीच्या गृहस्थाने हेच केलं, तर तो घरी पोचायच्या आत त्याचा फोटो घरी पोचेल. म्हणून चढ हलका जावा यासाठी ३६च्या जागी ३४ची रिंग बसवावी, असा साधा विचार मनात येतो. दोन दाते तर कमी करायचे!

आणि स्थळं बघायला सुरुवात होते.

दात्यांवरून भांडण नाहीच. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, यावर जपान, इटली, अमेरिका आणि आपलं लुधियाना यांचं कधीचं एकमत झालेलं आहे. एवढ्या मोठ्या बाबतीत जमलेलं जग अडतं ते भोकांपाशी. रिंग पॅडलच्या क्रँकला ज्या बोल्टांनी जोडतात, त्यांच्या मध्यांतून जाणारं एक वर्तुळ मनात काढायचं. त्याचा व्यास म्हणजे बीसीडी. डोळ्यांना न दिसणारं हे वर्तुळ रिंगचं गोत्र ठरवतं. फरक इतकाच, की माणसांत सगोत्र चालत नाही आणि इथे सगोत्रच लागतं.

रस्त्यावरच्या जुन्या शर्यती सायकलींचं गोत्र १३०. काम्पान्योलो हे इटलीतलं जुनं घराणं, त्यांचं १३५. १३०च्या घरात ३८ दात्यांहून लहान रिंग जात नाही, कारण मग दाते बसवायचे कुठे? तिथे बोल्ट आधीच बसलेले. म्हणजे सायकलीला ३६ची रिंग लागलेली दिसली, की १३० आणि १३५ दोन्ही बाद. बहुधा ११० निघतं, आणि ११०मध्ये ३४ आरामात बसते.

‘बहुधा’वर पैसे मोजायचे नसतील तर मोजपट्टी घ्यावी. बोल्ट पाच असले की कोणतेच दोन समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे व्यास सरळ मोजता येत नाही. शेजारच्या दोघांवर भागवायचं. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत ६४.७ मिलिमीटर भरलं तर ११०, ७६.४ भरलं तर १३०. वर्गात ज्या भूमितीला आपण जांभया दिल्या, ती अशी परसदारी येऊन हिशेब मागते.

गोत्र जुळलं तरी घर बघावं लागतं. शिमानो कंपनीने २०१२मध्ये ड्युरा-एस या आपल्या मालिकेतल्या नव्या क्रँकला पाचाऐवजी चार हात दिले, तेही असमान अंतरावर. आकडा ११०च, पण पाच भोकांच्या ११०ला तिथे कोणी दारात उभं करत नाही. स्रॅम कंपनीच्या काही क्रँकांत पाचवा बोल्ट क्रँकच्या दांड्यामागे दडलेला असतो, घरातल्या अबोल काकांसारखा. त्यांना विचारल्याशिवाय काही पक्कं होत नाही. पत्रिकेत छत्तीस गुण जुळतात, ते कागदावर.

ही कटकटच नको म्हणून शर्यतीतले बरेच जण हल्ली पुढे एकच रिंग ठेवतात. तिचा एक दाता जाड, पुढचा बारीक, पुन्हा जाड. त्यामुळे चिखलात आपटलं तरी चेन सहसा निसटत नाही. जाड-बारीकची पाळी चुकू नये म्हणून दाते नेहमी समसंख्येत. कल्पना देखणी आहे. पण गडाच्या वाटेवर मला धाकटीचा आधार हवा असतो.

बसवतानाही मानपान आहेतच. आतल्या रिंगला काठाशी एक छोटं टोक असतं, ते क्रँकच्या दांड्यामागे यायला हवं. एखाद्या भोकाने सरकली तरी रिंग बसते, फिरते. फक्त गियर बदलताना कुरकुर करते, कारण तिचे दाते आणि चेनला उचलून घेणाऱ्या बाहेरच्या रिंगच्या खाचा यांचा मेळ चुकलेला असतो. बोल्ट आवळू लागलं की मागची नळीसारखी नट त्याच्याबरोबर गरागरा फिरते. तिला धरायला दोन दातांचा वेगळा पाना मिळतो; तो नसला तर रुंद स्क्रूड्रायव्हर आणि थोडी शिवीगाळ.

हे सगळं कागदावर लिहून दुकानात जावं. आमच्या दुकानदाराने माझा कागद शांतपणे वाचला. “काका, पाच होल, एकशेदहा, चौतीस दाते, आतली. आहे की.” फळीवरून एक खोका काढून त्याने काचेवर ठेवला. “फक्त ही काळी आहे. तुमची बाहेरची चंदेरी. रंगाचं काही नाही ना?”

“घरी विचारून सांगतो,” मी म्हणालो.