जयसिंगपूर बंदर

कोल्हापूर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही, असे भूगोलाची क्रमिक पुस्तके अद्यापि सांगतात. आणि एकदा छापले गेलेले विधान मागे घेण्याचा रिवाज आपल्याकडे नसल्यामुळे ती आणखी पुष्कळ वर्षे तसेच सांगत राहतील. तथापि २००५, २०१९ आणि २०२१ या तीन साली ज्याने शिरोळ तालुक्याचे दर्शन घेतले असेल, कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा यांनी आपापल्या हद्दी विसर्जित करून एकत्र कुटुंब कसे थाटले हे पाहिले असेल, त्यास या विधानाविषयी संशय आल्यावाचून राहणार नाही. सबब, याच तालुक्यातील जयसिंगपूर या गावास हंगामी बंदराचा दर्जा सरकारदरबारी मिळावा, अशी विनंती प्रस्तुत लेखक या सदरामार्फत रुजू करीत आहे.

हे गाव आपसूक वाढलेले नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ ते वसविले. १८९१ साली सुरू झालेल्या कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कडेला, कृष्णेपासून जवळ परंतु तिच्या तडाख्याबाहेर अशी उंचवट्याची जागा त्यास मिळाली, रस्ते सरळ आखले गेले आणि गल्ल्यांना नावे न मिळता क्रमांक मिळाले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, आठवी गल्ली अशा पत्त्यांत कोणाचा मानापमान संभवत नाही, नामांतराचे ठराव करावे लागत नाहीत आणि फलकाचे उद्घाटन कोणी करावे हा तंटाही उद्भवत नाही. पाण्याचा आणि माणसांच्या स्वभावाचा इतका दूरवरचा विचार करून गाव वसविता येते, ही गोष्ट पुढील पिढ्यांना फारशी पटली नसावी. कारण त्यानंतर आपण गावे वसविली नाहीत, केवळ प्लॉट पाडले.

आता पुराव्यांकडे वळू. समुद्रास दिवसातून दोनदा भरती येते. आमची भरती आषाढ-श्रावणाच्या सुमारास येते आणि दरसाल येतेच असे नाही, परंतु येते तेव्हा ओटीपर्यंत न थांबता माजघर पाहून जाते. कोकणातला कोळी भरतीसाठी तिथी पाहतो, आम्ही फूट पाहतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे येथील शाळकरी पोरासही तोंडपाठ असते. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, कोयनेतून किती क्युसेक सुटले आणि खाली कर्नाटकातील अलमट्टी धरणातून किती सोडले, यावर पानाच्या टपरीपाशी असा ऊहापोह चालतो की, पाटबंधारे खात्यातील एखाद्या अधिकाऱ्याने तेथे उभे राहून टिपणे घ्यावीत. पूर्वी सकाळच्या चहाबरोबर शेंगांचा आणि गुळाचा भाव विचारला जाई, हल्ली पावसाळ्यात प्रथम विचारतात ते, "पाणी किती फुटावर हाय?" लोकशिक्षणाची एवढी प्रगती अन्य कोणत्याही मार्गाने झाली नसती.

समुद्र म्हटला की मीठ आलेच. शिरोळ तालुक्यात उसाला इतक्या भक्तिभावाने पाणी पाजण्यात आले आणि त्याच्या निचऱ्याविषयी इतकी उदासीनता बाळगण्यात आली की, हजारो एकर जमीन क्षारपड होऊन तिच्यावर पांढरा थर आला. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हे क्षार धुऊन काढण्याचे काम चालू आहे आणि त्यामुळे पडीक रानांत पुन्हा पीक उभे राहिले आहे. काम स्तुत्य आहे. मात्र बंदराच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत थोडे मीठ पुराव्यादाखल राखून ठेवावे.

किनाऱ्यावर तीर्थ असावे लागते, तेही आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमी नृसिंहवाडीस पुराचे पाणी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून भाविक लांबून धावत येतात. तेच पाणी आणखी काही फूट चढून भाविकाच्या स्वतःच्या उंबऱ्याशी आले म्हणजे त्यास आपत्ती म्हणतात. पुण्य आणि पंचनामा यांमधील अंतर फुटपट्टीने मोजता येते, असा तालुका महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल.

बंदरावर माणसे उतरतात. २०१९ च्या ऑगस्टात आसपासच्या गावांतील माणसे, गुरे आणि हाती लागतील ती गाठोडी जयसिंगपुरात उतरली, आणि गावाने त्यांना घरांतून, शाळांतून सामावून घेतले. त्याच दिवसांत एका मंत्रिमहोदयांचे नौकेतील प्रसन्न हास्य सर्व महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिले, तेव्हा जलपर्यटनाचा शुभारंभही रीतसर झाला असे धरण्यास हरकत नसावी. मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे होती. बुडालेल्या माणसास आपल्याला कोणी वाचविले याविषयी संभ्रम राहू नये, ही दक्षता त्यामागे असणार. शिवाय क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले असेल तरच मोफत धान्य मिळेल, असा सरकारी निर्णय निघाला. दीड दिवस बुडालेला मनुष्य दप्तरात कोरडाच राहिला. आपल्याकडे दीड दिवसाचा गणपती चालतो, दीड दिवसाचा पूर चालत नाही.

समुद्रापर्यंत रस्ताही हवा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग रत्नागिरीहून निघाला, त्याने सह्याद्री ओलांडला, आणि चोकाक ते अंकली या नेमक्या आमच्या टप्प्यात मोबदला दुप्पट की चौपट या प्रश्नापाशी येऊन तो थबकला. कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्ग मंजूर होऊन बरीच वर्षे लोटली. कोकणात उतरण्याचा त्याचा विचार अद्याप पक्का झालेला दिसत नाही. आम्हांस समुद्राकडे नेणाऱ्या योजना अशा रीतीने वाटेत असतानाच समुद्र मात्र कोणत्याही मंजुरीवाचून येऊन गेला.

आता अपराधी कोण, हा प्रश्न. त्याचे उत्तर प्रत्येक पुरात एकच असते: अलमट्टी. तिची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा मनसुबा चिंताजनक आहे आणि त्यास विरोध करणे रास्तच आहे. परंतु २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदीपात्रांतील अतिक्रमणांकडेही बोट दाखविले. आणि ज्या अहवालात शेजाऱ्याबरोबर आपलेही नाव येते, तो अहवाल आपल्या समाजात वाचला जात नाही, स्वीकारला जातो. पूररेषेचेही तसेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी, अशा दोन रेषा नकाशावर आहेत. सोळा वर्षांत तीन महापूर आणून नद्यांनी या हिशेबाची थट्टा केली. आणि नदीकाठच्या शहरांत रेषांच्या आत इमारती उभारून माणसांनी नद्यांपेक्षाही मोठी थट्टा केली.

पावसाळा सरला की चिखल वाळतो, भिंतीवरची पाण्याची खूण चुन्याखाली जाते आणि जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. तेथे एकरकमी एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरासाठी, जो आवाज उठतो तो न्याय्य आहे, आणि त्यापुढे कारखानदारांस अनेकदा नमते घ्यावे लागले आहे. तोच जमाव पुराच्या प्रश्नासाठी एकदा अशाच संख्येने त्याच मैदानावर बसला, तर अलमट्टीपासून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत अनेकांची झोपमोड होईल. पण उसाला हंगाम असतो, पहिली उचल असते, अंतिम दर असतो. पुराला यांपैकी काहीच नाही, म्हणून त्याची परिषद भरत नाही.

तेव्हा सरकारापुढे मार्ग दोनच आहेत. निळ्या रेषेच्या आत एकही नवा पाया घालू देऊ नये, वारंवार बुडणाऱ्या गावांना उंचावर जागा द्यावी, आणि धान्य देण्यापूर्वी बुडाल्याचे तास मोजू नयेत. हे जमणार नसेल, तर जयसिंगपुरास बंदर म्हणून जाहीर करावे, धक्का बांधावा आणि बंदर अधिकारी नेमावा. पहिल्या मार्गाने माणसे वाचतील. दुसऱ्याने निदान एक उद्घाटन होईल. आणि आजवरचा अनुभव पाहता दुसराच मार्ग सरकारास अधिक पसंत पडेल, असे आमचे मत आहे.