पाणी तपासतो, माणूस नाही

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर रविवारी सकाळी जरा उभे राहा. आई आधी स्वतःचा हात पाण्यात घालते. मग ओंजळभर पाणी पोराच्या पायावर सोडते. पोर कळवळलं की लगेच त्याला मागे ओढते. तेव्हा कुणी म्हणत नाही की पोर खोटं बोलतंय. चटका बसला म्हणजे बसला.

तेच पोर संध्याकाळी म्हणालं, 'मला त्या काकांकडे जायचं नाही', तर?

'मोठ्यांबद्दल असं बोलू नये.'

सगळं इथेच बिघडतं.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली देशातल्या बाल अत्याचारांची पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यं, १२,४४७ मुलं, महाराष्ट्रही त्यात होता. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सांगितला. छळणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणाजवळ तोंड उघडलेलं नव्हतं. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही, हे आपण पोरांकडून घोकून घेतो. ओळखीच्या माणसाचं काय?

आणि मुलग्यांचं काय? त्या पाहणीत छळ सोसलेल्यांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. 'पोरगा आहे, त्याला काय होतंय' असं म्हणणाऱ्या प्रत्येक बापाने हा आकडा दोनदा वाचावा.

विश्वासाचं म्हणाल, तर गणेशपुरी विश्वासावरच नावारूपाला आली. नित्यानंदांच्या समाधीपुढे डोकं टेकायला लांबून माणसं येतात, मनाला आधार घेऊन जातात. पण याच गावात त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम. मुक्तानंद १९८२ साली गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या 'कोइव्होल्यूशन क्वार्टरली' या त्रैमासिकाने जुन्या शिष्यांच्या मुलाखतींवरून लेख छापला. त्यात त्यांच्यावर तरुण मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते. १९९४ मध्ये 'न्यूयॉर्कर'ने तोच विषय पुन्हा घेतला. हे आरोप आहेत, न्यायालयाचा निकाल नाही, आणि भक्तांना ते मान्य नाहीत. खरंखोटं मी इथे बसून ठरवणार नाही. मला एकच विचारायचं आहे. तक्रार खुद्द गुरूबद्दल असेल, तर आश्रमातल्या मुलीने ती कुणाकडे न्यायची?

आश्रमात गुरूच्या वर कुणी नसतं.

शाळेत तरी कुठे असतं? बदलापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच लैंगिक अत्याचार. आरोपी शाळेतला कंत्राटी सफाई कामगार, त्याच महिन्यात कामावर घेतलेला. तक्रार द्यायला गेलेले पालक पोलिस ठाण्यात तासन् तास ताटकळले. २० तारखेला लोक रुळांवर उतरले आणि मग सरकार हललं. बालवाडीतल्या मुलीचं दुखणं ऐकून घ्यायला लोकल अडवावी लागावी?

२३ सप्टेंबरला तो आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले. आता त्याच्यावर खटला चालणार नाही, साक्षीपुराव्याने काही सिद्ध होणार नाही. गोळीने मुलीची झोप परत येत नाही.

बदलापूरच्या त्या शाळेला कळलं होतं, तरी तिने पोलिसांना कळवलं नाही, यावर उच्च न्यायालयाने बोट ठेवलं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ अगदी सरळ आहे. ज्याला कळलं, त्याने कळवलंच पाहिजे. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. 'संस्थेचं नाव जाईल' हा बचाव त्या कायद्यात कुठेही नाही.

'घराण्याचं नाव जाईल' हाही नाही.

मुलाने सांगितल्यावर पहिलं वाक्य आपलं असतं. तिथे आपण काय बोलतो? 'नक्की ना?' 'तेव्हाच का नाही सांगितलंस?' 'बाबांना कळू देऊ नकोस.' तीन वाक्यांत आपण मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. त्याला ऐकायचं असतं ते इतकंच: 'बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही. आता मी आहे.' हे बोलायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र पुढचं सावरायला समुपदेशक लागतो, एका भेटीपुरता नव्हे, महिनोन् महिने. पोराला वेडं ठरवतील म्हणून तिथे न नेणारे आईबाप त्याला एकट्याने कुढायला सोडतात.

कायदा याबाबत आपल्यापेक्षा शहाणा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री त्याला ठाण्यात ठेवायचं नाही. कोर्टात आरोपी त्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही. बालकल्याण समितीकडून सोबतीला सहायक व्यक्ती मिळते. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिच्यात आर्थिक मदत आणि समुपदेशन दोन्ही बसतं. किती पालकांना हे कुणी सांगितलं? पोलिस ठाण्याच्या भिंतीवर याचा कागद कधी पाहिलात?

आणि लहानपणी हे सोसलेली जी मुलं आता चाळिशीची झाली, त्यांनी कधी तोंड उघडलं तर आपण म्हणतो, 'इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढायचं?'

पुरलं कुणी होतं? त्यांनी नाही.

आता एक काम करा. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक माणसाची वेळोवेळी पोलिस पडताळणी करायची असते. शिक्षक, शिपाई, सफाई कामगार, कायमचा, कंत्राटी, सगळे आले. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि गावातल्या शाळेचं, आश्रमशाळेचं, वसतिगृहाचं नाव घेऊन विचारा: पडताळणी झाली का? उत्तर लेखी मागा. आणि एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर ग्रामसभेची वाट पाहू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.